कल्याणचा धान्यमार्ग : वर्तनी, जकात आणि बाजार

१. विषयप्रवेश

ठाणें, कल्याण व भिवंडी या शहरांच्या इतिहासाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांत किल्ले, लढाया, आरमार आणि दानलेख यांस मोठें स्थान मिळालें आहे व तें योग्यच आहे. परंतु ज्या धान्यावर, मिठावर व भाजीपाल्यावर या पेठा जगल्या, तो माल शेतापासून पेठेपर्यंत कसा आला, वाटेंत त्यावर कोणी काय घेतलें आणि घेणाऱ्यानें त्याच्या मोबदल्यांत काय दिलें, या प्रश्नाचा उल्लेख बहुधा जातां जातां होतो. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार आम्हीं योजिला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. पेठ ही माल जेथें पिकतो तेथें वसत नाहीं, आणि जेथें खपतो तेथेंही नेहमीं वसतेच असें नाहीं. ओझें जेथें एका वाहनावरून उतरून दुसऱ्यावर चढतें, तेथें ती वसते. त्या उतारावर जो उभा असतो तो मालाचा भाव ठरवितो व हक्क मागतो. त्या हक्काबरोबर कांहीं जबाबदारीही येते कीं नाहीं, यावरच पिकविणाऱ्याचें बरेंवाईट अवलंबून राहिलें आहे. कल्याणच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासांत वाहनें बदललीं, राज्यें बदललीं, उतारही सरकले. हा प्रश्न मात्र जागच्या जागीं आहे.

२. भूमि आणि वाटा

प्रथम नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस खाडी, आणि मध्यें उल्हास व काळू या नद्यांचा भातशेतीचा सखल प्रदेश. उल्हासाच्या पात्रांत भरतीचें पाणी कल्याणपर्यंत चढतें. येथून मचवे व पडाव ओहोटीबरोबर ठाण्याकडे व पुढें घोडबंदर-वसईच्या बाजूस उतरत आणि भरतीबरोबर परत येत. घाटाकडे पाहावें तर ईशान्येस थळघाट, पूर्वेस माळशेज व नाणेघाट, दक्षिणेस बोरघाट, आणि या सर्व घाटांखालच्या वाटा कल्याणच्या आसपास एकवटतात. बैलाच्या पाठीवरील ओझें होडींत उतरविण्यास याहून सोयीची जागा या टापूंत नाहीं. तेव्हां कल्याण हें नांव कोणत्या राजानें दिलें याचा निर्णय कसाही लागो, ती पेठ वसविली ती भरती-ओहोटीनें आणि घाटांनीं, असें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं.

या वाटेवर ओझें वाहण्याचें साधन म्हणजे लादणीचा बैल आणि त्याच्या पाठीवरची गोणी. गोणी हा शब्द आज प्लॅस्टिकच्या पोत्यासही आपण लावतों. पण तो फार जुना आहे. पाणिनीनें तो आवपन, म्हणजे धान्य भरण्याचें साधन, या अर्थीं सिद्ध केला असून लहान गोणीस 'गोणीतरी' असें रूपही सांगितलें आहे. लादणीचा बैल घाट चढतांना सुमारें शंभर ते सव्वाशे किलो वजन नेई. आज दहा टनांचा एक ट्रक माळशेज उतरून येतो, त्याचा माल वाहण्यास ऐंशीं ते शंभर बैलांचा तांडा लागला असता. हें प्रमाण ध्यानांत ठेविलें म्हणजे घाटमाथ्यावरचीं पाण्याचीं टाकीं, लेणीं व चौक्या हीं कोणासाठीं होतीं, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

३. नाणेघाट, जुन्नर व कल्याण

नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहनांचा प्रसिद्ध प्राकृत लेख आहे. मागील भिंतीवर राजकुलांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आतां नष्ट झाल्या असून पायांचे अवशेष व वरचीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. त्यांत सिमुक सातवाहन, राणी नागनिका व श्रीसातकर्णि हीं नांवें येतात. घाटमाथ्यावर दगडांत कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत व त्यावरूनच घाटास नाणेघाट हें नांव पडलें, असें परंपरा सांगते. ही परंपरा सुंदर आहे. तथापि मोठ्या लेखांत यज्ञ व त्यांतील दक्षिणा यांचें वर्णन आहे, जकातीचें नाहीं, हें येथें नमूद करणें अवश्य आहे. रांजण जकातीचा असो वा पाण्याचा असो. राजकुलानें आपल्या प्रतिमा नगरांत न बसवितां व्यापाऱ्यांच्या वाटेवर, डोंगराच्या कपारींत बसविल्या, हीच गोष्ट त्या वाटेची योग्यता सांगण्यास पुरेशी आहे.

घाट चढून गेल्यावर जुन्नर. तेथील लेण्यांत एक लहानसा लेख असा आहे कीं, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दान दिली. जुन्नरासच कल्याणच्या एका हेरणिकाचें, म्हणजे सोनाराचें, दान नोंदलेलें आहे, आणि कान्हेरीच्या लेखांत तर कल्याणचे दाते अनेक वेळां भेटतात. या लेखांची सांगड घातली म्हणजे घाटावरील धान्याचा संघ, घाटाखालचें बंदर आणि दोहोंस जोडणारी वाट असें चित्र उभें राहतें. धान्य विकणारे लोक सात खोल्यांचें लेणें कोरवूं शकत होते, यावरून त्यांच्या हातीं किती नफा राहत असे याचा अदमास होतो. तें धान्य पिकविणारा व बैल हांकणारा यांचीं नांवें मात्र त्या दानांत नाहींत.

पेठेचें कुलूप राजसत्तेच्या हातीं कसें असतें याचेंही उदाहरण याच काळांतलें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक मार्गवर्णनांत कल्लिएन येतें. तें पूर्वीं रीतसर पेठ होतें. परंतु राज्य बदलल्यावर तेथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत घालून भडोचेस पाठविलीं जात, असें तो सांगतो. नदी तीच, घाट तेच, बैल तेच. पण उतारावर उभा राहणारा बदलला आणि सागरी व्यापार दुसरीकडे वळला.

४. वर्तनी आणि तिची जबाबदारी

वाटेवर घेतल्या जाणाऱ्या हक्कांचें तत्त्व कौटिलीय अर्थशास्त्रांत जितकें स्पष्ट आहे, तितकें क्वचितच अन्यत्र आढळेल. त्या ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यांतील नियम नाणेघाटावर जसेच्या तसे चालत होते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या काळच्या शासनबुद्धीचा तो उत्तम आरसा आहे.

कौटिल्य दोन गोष्टी वेगळ्या ठेवितो. नगराच्या द्वाराशीं घेतलें जातें तें शुल्क. सीमेवर अंतपाल घेतो ती वर्तनी, म्हणजे वाटेचा कर. वर्तनीचे दर असे : मालाच्या वाहनास सव्वा पण, एक खुराच्या जनावरास एक पण, गुरास अर्धा पण, लहान जनावरास पाव पण, आणि खांद्यावरच्या ओझ्यास, ज्यास तो अंसभार म्हणतो, एक माष. सोळा माषांचा एक पण धरला तर लादलेल्या एका वाहनाची वर्तनी वीस अंसभारांइतकी होते. याचा अर्थ, खांद्यावर कावड घेऊन येणारा गरीब मनुष्यही शासनाच्या नजरेबाहेर नव्हता, आणि त्याच्याकडून घ्यावयाचें तें त्याच्या ओझ्याच्या बेतानें घ्यावें असा विचार होता.

पण यापुढील नियम अधिक महत्त्वाचा आहे. वर्तनी घेतल्यावर वाटेंत जें हरवेल अथवा चोरीस जाईल तें अंतपालानें भरून द्यावें, असें शास्त्रकार सांगतो. म्हणजे वर्तनी ही खंडणी नव्हे. ती संरक्षणाची किंमत आहे, आणि संरक्षण न झाल्यास घेणारा देणेकरी होतो. या लेखांत आम्हीं ज्या जबाबदारीचा उल्लेख आरंभीं केला ती हीच.

दुसराही एक नियम येथें सांगितला पाहिजे. माल जेथें उत्पन्न होतो तेथेंच विकूं नये, असें कौटिल्याचें शासन आहे. खाणीवरून परस्पर माल घेणारास सहाशें पण दंड, फुलाफळांच्या बागेंतून घेणारास चोपन्न पण, आणि भाजीच्या मळ्यांतून किंवा शेतांतून घेणारासही त्याच सुमाराचा दंड त्यानें लाविला आहे. शुल्क बुडूं नये हा हेतु उघड आहे. सर्व माल एका ठिकाणीं, सर्वांच्या देखत विकला जावा, ही कल्पनाही त्यांत आपोआप येते. या नियमाची गांठ पुन्हां विसाव्या शतकांत पडावयाची आहे.

५. श्रीस्थानकाची सूट व मिठाची जकात

शिलाहारांच्या काळीं ठाणें, म्हणजे श्रीस्थानक, राजधानी झालें. शके १०१६ चा, म्हणजे इ. स. १०९४ च्या सुमाराचा, अनंतदेवाचा ताम्रपट खारेपाटण येथें मिळाला. त्यांत राजाच्या दोघां श्रेष्ठी मंत्र्यांच्या वाहनांस स्थानक, शूर्पारक, चेमुली वगैरे बंदरांत शुल्काची माफी दिली आहे. वाहनवाचक शब्दाचा अर्थ कोणी गाडा असा करतात, कोणी गलबत असा. आमच्या विषयास दोन्हीं सारखेच. सूट मिळाली ती ज्यांस शुल्क देणें सहज शक्य होतें त्यांस. अंसभारवाल्यास अशी सनद कोरून देण्याचा प्रसंग ताम्रपटांत यावयाचा नाहीं. तांबें महाग असतें.

मराठेशाहीच्या आरंभीं, १६५७ सालीं, शिवाजीमहाराजांनीं कल्याण व भिवंडी घेतली. दुर्गाडीच्या बंदराचें महत्त्व आरमाराच्या दृष्टीनें वर्णिलें जातें. पण त्या बंदरामागें घाटाचा व्यापार होता हें विसरूं नये. त्या व्यापाराचा कणा मीठ. तांडेवाले वंजारी घाटावरून धान्य घेऊन उतरत आणि परततांना आगरांतील मीठ लादून नेत. बैल रिकामा परतला तर धान्याची वाहतूक परवडत नाहीं; म्हणून मिठाचा भाव हा धान्याच्या भावाचा भागीदारच होता.

हें महाराजांस किती नेमकें ठाऊक होतें तें १६७१ च्या एका पत्रावरून दिसतें. पत्र ठाणें प्रांताचें नाहीं, कुडाळच्या सरसुभेदारास आहे. पण तत्त्व तेंच. बारदेशांतील, म्हणजे पोर्तुगीज मुलुखांतील, मीठ स्वस्त पडूं लागल्यास व्यापारी तिकडे वळतील व स्वराज्यांतील मिठागरें बसतील, म्हणून घाटावर जकात अशी बसवावी कीं बाहेरचें मीठ महाग पडेल, असा त्याचा आशय आहे. येथें जकात खजिना भरण्यास नसून आगरी व मीठवाला यांच्या रक्षणास आहे. कौटिल्याची वर्तनी वाटसरूचें रक्षण करी. ही जकात उत्पादकाचें रक्षण करते.

६. लोहमार्ग

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षीं, १८५४ त, ती खाडी ओलांडून कल्याणास पोंचली. कल्याणाहून एक फांटा ईशान्येस व एक आग्नेयेस निघाला. १८५५ त वासिंद गांठलें गेलें. १८६३ त बोरघाट व १८६५ त थळघाट रेल्वेनें चढला. मार्ग आंखतांना इंजिनियरांच्या डोळ्यांसमोर वऱ्हाड-खानदेशचा कापूस होता, मुरबाडचा तांदूळ नव्हता. तरी ज्या दोन फांट्यांवर ही रचना उभी राहिली त्या दोन्हीं जुन्या घाटवाटाच होत.

रेल्वेनें कल्याणची पेठ निर्माण केली, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें हें विधान दुरुस्त करावयास हवें. रेल्वेनें उतार हलविला. पूर्वीं ओझें बैलावरून होडींत जाई, आतां गाडीवरून वाघिणींत जाऊं लागलें. धक्का ओस पडला आणि मालधक्का गजबजला. नाणेघाट व माळशेज यांवरून वाहणारा व्यापार तळेगांव, इगतपुरी अशा घाटावरच्याच स्टेशनांकडे वळला, व प्राचीन वाट पाऊलवाट होऊन राहिली. उलटपक्षीं, ठाणें जिल्ह्यांतील भाताचें व गवताचें मोल वाढलें. मुंबईचे तबेले घोड्यांनीं व दुभत्या जनावरांनीं भरलेले होते, आणि त्यांच्या वैरणीसाठीं या जिल्ह्यांतील माळरानांवरचें गवत गठ्ठे बांधून जाऊं लागलें. ज्या गवतास गांवांत कोणी विचारीत नव्हतें, त्यासही वाहन मिळतांच भाव आला.

७. बाजार समिति व पट्टी

लोहमार्गानें वेग आणला, पण विक्रीची रीत बदलली नाहीं. अडत्या व खरेदीदार उपरण्याखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. यास हत्ता पद्धति म्हणत. शेतकरी शेजारीं उभा असे, पण आपल्या मालाचा भाव त्यास दिसत नसे. हें मोडण्यासाठीं मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं शेतमाल बाजारांचा कायदा झाला, व महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६३ चा कृषि उत्पन्न खरेदी-विक्री नियमनाचा कायदा आला. नियमित माल बाजार समितीच्या आवारांत, उघड लिलावानें विकावा, हें त्याचें सूत्र. कौटिल्याच्या नियमाशीं याचें साम्य कोणाच्याही ध्यानांत येईल. फरक एवढाच कीं, तेथें राजाचें शुल्क वांचवावयाचें होतें, येथें शेतकऱ्याचा भाव.

या कायद्यानें काय साधलें व काय राहिलें तें सांगतांना आम्हांस स्वानुभवाचा आधार घ्यावा लागतो; वाचक क्षमा करतील. आमचें बालपण मुरबाड तालुक्यांतील एका खेड्यांत गेलें. उन्हाळी काकडी व वाल घेऊन वडील सायंकाळीं गाडी जुंपीत आणि रात्रभर चालून पहांटे कल्याणास पोंचत. दोनतीनदां आम्हीही गाडीवर झोपून गेलों होतों. माल एका अडत्याच्या गाळ्यावर उतरे, आणि परततांना वडिलांच्या हातीं एक कागदाची चिठ्ठी येई, ती पट्टी. वडिलांस वाचतां येत नसे. ती वाचून दाखविणें हें आमचें पहिलें वाचन, व तिची बेरीज-वजाबाकी हें पहिलें गणित. हमाली, तोलाई, अडत, आणि एकदां 'घट' म्हणून चौथा आंकडा होता. घट म्हणजे काय, असें आम्हीं विचारिलें. वाटेंत माल सुकला त्याची कापणी, असें वडील म्हणाले. किती सुकला तें कोणी मोजलें, या प्रश्नास त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. बैलांस हांक दिली.

पुढें अर्थशास्त्र शिकतांना अंतपालाच्या भरपाईचा नियम वाचनांत आला, तेव्हां त्या पट्टीची आठवण झाली. वाटेंतील नुकसान कोणाचें, या एका प्रश्नाचें उत्तर शास्त्रकारानें हक्क घेणाराच्या पदरीं टाकिलें होतें. आमच्या पट्टींत तें ओझें वाहून आणणाराच्या पदरीं होतें.

२०१६ सालीं राज्यानें फळें व भाजीपाला आवाराबाहेर विकण्यावरील नियमन उठविलें आणि अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. पट्टींतील एक आंकडा त्यामुळें, निदान कायद्यानें, गेला. सुकण्या-सडण्याचा आंकडा अद्याप शेतकऱ्याचाच आहे. आतां कल्याणच्या बाजारांत ओतूर, आळेफांटा, नारायणगांव इकडची भाजी माळशेजमार्गें मोटारींनीं येते. पावसाळ्यांत दरड कोसळून घाट बंद पडला कीं ट्रक अडतात, इकडे भाजी महाग होते आणि तिकडे तीच भाजी गाडींत नासते. चढलेल्या भावाचा लाभ ज्याचा माल अगोदर पोंचला त्यास, आणि नासलेल्या मालाची हानि ज्याचा वाटेंत राहिला त्यास. दोन्हीं टोकांस जुन्नरचा शेतकरीच असूं शकतो, पण लाभाच्या टोकास तो क्वचितच सांपडतो.

८. अंसभार

एक गोष्ट सांगून हा लेख आटोपतों. डोंबिवलीभोंवतीं जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां इमारती आहेत. १९८३ सालीं कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, आणि एके काळीं धान्य पाठविणारीं गांवें धान्य मागविणारीं झालीं. पेठ राहिली, तिची शेतभूमि मात्र घाटापलीकडे सरकली. तरीही जिल्ह्यांतील एक माल अद्याप जुन्याच रीतीनें येतो. पावसाळ्याच्या तोंडीं शेवळें, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोलीं अशा रानभाज्या घेऊन आदिवासी स्त्रिया कसारा, खर्डी, आसनगांव, वासिंद या स्टेशनांवरून लोकलच्या मालडब्यांत चढतात, आणि कल्याण, डोंबिवली, ठाणें येथें रस्त्याच्या कडेस पळसाच्या पानांवर वाटे मांडून बसतात. पायथ्यापासून स्टेशनापर्यंत तें ओझें त्यांच्या डोक्यावर असतें. कौटिल्याचा अंसभार तो हाच.

या बायांच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्यें अडत्या नाहीं, पट्टी नाहीं. भाव त्या स्वतः सांगतात, कारण उतारावर त्या स्वतः उभ्या आहेत. या संपूर्ण इतिहासांत पिकविणारा किंवा गोळा करणारा मनुष्य मालाच्या शेवटच्या उतारावर स्वतः उभा राहिल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं. पण संध्याकाळीं उरलेली भाजी कोमेजते, ती हानिही त्यांचीच. आणि बसण्याची जागा केव्हां उठविली जाईल याचा भरंवसा नसतो. त्यांना शुल्काची सूट नको, ताम्रपट नको. बसण्यास चार हात सावली, पाणी व निश्चित जागा दिली, तर त्यांच्यापुरती वर्तनीची अट पुरी होईल.

शासन कोणाचेंही असो, वाटेवर व उतारावर जो हक्क घेतो त्यानें वाटेंतील हानीचा वांटा उचलावा, हें तत्त्व या भूमींत नवें नाहीं. तें विसरलें गेलें एवढेंच. कल्याण, मुरबाड, शहापूर व जुन्नर भागांतील वाचकांच्या घरीं जुन्या अडतीच्या पट्ट्या, जकातीच्या पावत्या, गाडीभाड्याचे हिशेब असतील, तर ते रद्दींत न घालतां संग्रहीं ठेवावे व मंडळास दाखवावे, अशी आमची विनंति आहे. राजांचीं नांवें भिंतींवर कोरलेलीं आहेत. गाडीवानांचा इतिहास अशा चिठोऱ्यांवरच लिहिलेला आहे, आणि कागद दगडाइतका टिकत नाहीं.